टी-१ वरून टी-२, आणि मधे आपण

मंडळी, या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, विमान बदलायचं आणि त्यासाठी टर्मिनलपण बदलायचं. मेच्या सुट्टीची तिकिटं काढून झालीत, पैसे भरून झालेत आणि मग कोणीतरी सांगितलं की अगो तुझं पहिलं विमान एकीकडे उतरतं आणि दुसरं भलतीकडून उडतं, की लगेच मला पत्र. तिकीट काढायच्या आधी विचारलंत तर माझे निम्मे केस तरी शिल्लक राहतील. असो. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, सत्तावीस वर्षं ग्राउंड स्टाफमधे काढली, आता गावाला येऊन आंब्याची कलमं बघतो आणि तुमची पत्रं वाचतो.

प्रश्न : काका नमस्कार, मिस्टर मस्कतला असतात, मी आणि दोन मुलं (४ आणि ९ वर्षं) मे एंडला जातोय. मोपा (गोवा) ते मुंबई आणि मुंबई ते मस्कत अशी वेगवेगळी तिकिटं काढली कारण एकत्र काढली तर तिघांचे मिळून अकरा हजार जास्त जात होते. आता कळलं की मोपाचं विमान टी-१ ला संध्याकाळी ७.१० ला उतरतं आणि मस्कतचं टी-२ वरून रात्री १०.२५ ला आहे. सव्वातीन तास पुरतील ना? नणंद म्हणते आरामात पुरतात, नवरा म्हणतो नाही पुरत. — एक वाचक, कुडाळ

उत्तर : बाय, नवरा बरोबर आहे, हे वाक्य मी या कॉलमात फार वेळा लिहीत नाही.

सव्वातीन तास हे घड्याळातले, तुझ्या हातात तेवढे नाहीतच. १०.२५ चं इंटरनॅशनल विमान असेल तर चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा सव्वा तास आधी, म्हणजे तुला सव्वानवाच्या आत बॅगा काउंटरवर ठेवलेल्या पाहिजेत. राहिले दोन तास पाच मिनिटं. आता बघ, ७.१० ला चाकं जमिनीला लागली तरी विमान जागेवर यायला, शिडी लागायला, बस भरायला वीस मिनिटं धर, बस भरल्याशिवाय निघत नाही आणि शेवटचा माणूस नेहमी वरच्या कप्प्यातली बॅग शोधत असतो. मग बेल्ट. ४ वर्षांच्याला शू लागणार, ती बरोबर बेल्टपाशीच लागते. बॅगा हातात येईपर्यंत आठ वाजले. बाहेर येऊन गाडी मिळेपर्यंत सव्वाआठ.

आता टी-१ ते टी-२. नकाशात बघितलंस तर एकाच विमानतळाच्या दोन बाजू आहेत, मधे धावपट्टी, पण धावपट्टी ओलांडून कोणी सोडत नाही, तुला विलेपार्ल्याला हायवेवर येऊन, मग सहारच्या उड्डाणपुलावरून, असा वळसा घालून जावं लागतं. चार-पाच किलोमीटर. रात्री दोनला गेलीस तर दहा मिनिटं. संध्याकाळी आठला, त्यात वळवाची एक सर आली असेल तर मी पैज लावत नाही, पन्नास मिनिटं झालेली मी बघितलीत. कनेक्शनवाल्यांसाठी दोन टर्मिनलच्या मधे बस असते पण ती पण याच रस्त्याने जाते आणि तिची वाट बघावी लागते ती वेगळी. भुयारी मेट्रो आहे आता, ऑक्टोबर २०२४ पासून, टी-१ च्या स्टेशनवर बसलीस की मधे फक्त सहार रोड आणि पुढचं टी-२, रस्ता तुंबला असला तरी हिला काही नाही, एकट्या माणसाला पाठीवर एकच बॅग असेल तर मी डोळे मिटून मेट्रो सांगेन. पण तुझ्याबरोबर दोन पोरं, तीन मोठ्या बॅगा आणि मला खात्री आहे एक पिशवी आंब्यांची.

मग टी-२ चं दार. तिथे सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, तिघांचे, नावं जुळवून. मोबाइल ऐन वेळी उघडत नाही म्हणून तिकिटाचा प्रिंट जवळ ठेव, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला दहा रुपये दिलेस तर काही बिघडत नाही. आता साडेनऊ झाले आणि तुझा काउंटर बंद.

आणि हे सगळं मोपाचं विमान वेळेवर आलं तर! मुंबईवर गर्दी असली की विमान उतरायच्या आधी वर गोल गोल फिरवतात, तिथे दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. खिडकीतून तेच ते पवईचं तळं तिसऱ्यांदा दिसलं की समजायचं.

काउंटर बंद होतो म्हणजे काय हे पण सांगतो, कारण लोकांना वाटतं तिथल्या पोरीने मनात आणलं तर होईल. नाही होत. वेळ झाली की सिस्टीम बॅगच घेत नाही. माझ्या ड्युटीवर एकदा राजापूरकडचा एक माणूस आला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात गोणपाटात बांधलेला फणस, मुलाला कुवेतला न्यायचा होता. चार मिनिटं उशीर. तो मला म्हणाला, "साहेब, इमान तर हयच उभा दिसता!" आणि खरंच काचेतून विमान दिसत होतं, अजून पाऊण तास तिथेच उभं राहणार होतं. मी काही करू शकलो नाही. तो फणस मग आमच्या स्टाफरूममधे कापला, घरी परत नेऊन काय करू म्हणाला. गोड होता पण कोणाच्या घशाखाली नीट उतरला नाही.

तर तू काय करायचं. मस्कतचं तिकीट हलवू नको, ते महागात पडेल. मोपाचं तिकीट बदल आणि त्याच दिवशीचं सकाळचं घे, फरकाचे दोन-तीन हजार जातील ते जाऊ देत. नाहीतर मोपाचं रद्द कर आणि आदल्या संध्याकाळी कुडाळवरून कोकणकन्येने निघ, सकाळी ठाण्याला किंवा दादरला उतर, दिवसभर कोणाकडे तरी टेक. कुडाळच्या माणसाचं मुंबईत कोणी नाही असं होत नाही, डोंबिवलीला तर अर्धं कुडाळच आहे. मुलं झोपतील, तुझं जेवण होईल आणि संध्याकाळी सहाला टी-२ च्या दारात उभी राहशील.

आणि ते अकरा हजार. एकत्र तिकीट असतं, म्हणजे एकाच पीएनआरवर, तर पहिलं विमान लेट झाल्यामुळे दुसरं चुकलं असतं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीच्या गळ्यात आलं असतं. बॅगा मोपाला टाकल्यास त्या थेट मस्कतला. दोन तिकिटं म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लेखी तू कुडाळवरून आलीस का कुर्ल्यावरून त्यांना काय, तू आली नाहीस एवढंच. अकरा हजार वाचले ते वाचले नाहीत, तू अकरा हजारांसाठी कंपनीची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतलीस.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, देवगडवरून पहिल्यांदाच विमानाने येतेय, मी मँचेस्टरला असते. दोन पर्याय आहेत. एक दोहावरून आणि एक लंडनवरून, लंडनला टर्मिनल बदलायचं आहे पण ते तिकीट सात हजारांनी स्वस्त आहे. आईला मराठी आणि मोडकंतोडकं हिंदी येतं. तिला एकटीला जमेल का, आणि व्हीलचेअर घेतली तर लोक काय म्हणतील? तिचे पाय तसे चालतात पण गुडघे दुखतात. — देवगडची लेक

उत्तर : दोहा. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

लंडनला हिथ्रोवर २, ३, ४, ५ अशी टर्मिनलं आहेत, १ नंबर २०१५ ला बंद झालं. २ आणि ३ भुयारातून चालत जोडलेली, पण ४ आणि ५ लांब, तिथे रेल्वे किंवा बस. आणि मँचेस्टरचं विमान हे त्यांचं देशातलं विमान झालं, म्हणून आईला लंडनलाच इमिग्रेशनची लाइन लावायची, तिथला ऑफिसर विचारणार कोणाकडे चाललात, किती दिवस, परत कधी जाणार, आणि ते सगळं झाल्यावर मग टर्मिनल शोधायचं. नऊ-दहा तासांच्या विमानानंतर. सात हजारांसाठी आईला हे नको करायला लावू.

दोहाला सगळं एकाच छताखाली आहे, हमद विमानतळ, २०१४ ला सुरू झालेलं. तिथे इमिग्रेशन नाही, फक्त परत एकदा सुरक्षा तपासणी आणि मग पुढचं गेट. इमिग्रेशन मँचेस्टरला, आणि तिथे तू बाहेर उभी असणार. आईला एक खूण सांगून ठेव, मधोमध एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलंय, टेडी बेअर, डोक्यात दिवा घुसलेला, दोन मजली घराएवढं उंच. मी दोहाला पाठवलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सांगतो, हरवलात तर अस्वलाकडे जा आणि गप्प बसा. एका आजींनी परत आल्यावर विचारलं, "तो मेलो बसलोहा कित्याक थंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

व्हीलचेअर घे, बिनधास्त घे. पैसे लागत नाहीत, तिकीट काढतानाच सांगायची, निदान ४८ तास आधी. तिचा खरा उपयोग पायांसाठी जेवढा तेवढाच वाट दाखवण्यासाठी, चेअर ढकलणारा माणूस तिला एका विमानाच्या दारातून दुसऱ्या विमानाच्या गेटपर्यंत नेऊन सोडतो. गल्फच्या विमानतळांवर हे काम करणारी पुष्कळ मुलं आपल्याकडची, नेपाळची, बांगलादेशची, हिंदी चालतं. ज्यांचे गुडघे टकाटक आहेत आणि लाइन चुकवायला चेअर घेतात त्यांचा मला राग आहे, पण देवगडचा उतार आयुष्यभर चढलेल्या बाईच्या गुडघ्यांबद्दल कोणी काही म्हणणार नाही. एकच, चेअरवाला कधी कधी मधेच एका कोपऱ्यात सगळ्या चेअर ओळीने लावून निघून जातो, दुसरा माणूस येणार असतो. आईला आधीच सांग की घाबरू नको, आणि बोर्डिंग पास हातात धरून ठेव, पर्समधे घालू नको.

मुंबईला बॅग टाकली की त्यावर जो कागदी पट्टा चिकटवतात त्यावर मोठ्या अक्षरात तीन अक्षरांचा कोड असतो. शेवटचा कोड एमएएन, म्हणजे मँचेस्टर, असला पाहिजे. डीओएच, म्हणजे दोहा, वर संपत असेल तर तिथल्या तिथे त्या मुलीला विचारायचं. आई विचारायला लाजेल, म्हणून सोडायला जो कोणी जाईल त्याला हे बघून यायला सांग, नाहीतर तिने पट्ट्याच्या चिठ्ठीचा फोटो काढून तुला पाठवावा.

आणि तू लिहिलं नाहीस पण मी ओळखतो, कोकमाचं आगळ येणार. आगळाची बाटली हातातल्या पिशवीत नको, दोहाच्या तपासणीत काढून टाकतील, १०० मिलीच्या वरचं कुठलंही पातळ जात नाही आणि सोलकढी आपल्यासाठी जेवण असली तरी मशीनसाठी पातळच. मोठ्या बॅगेत, प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकणाला चिकटपट्टीचे चार वेढे, वर दोन पिशव्या, आणि पांढऱ्या कपड्यांपासून लांब. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर अजिबात नको, ना हातात ना बॅगेत. तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात म्हणून विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत त्या आहेत, लोकांना हे खोटं वाटतं. खवा-पेढे ब्रिटनमधे नेता येत नाहीत, दुधाचा माल. मालवणी खाजा न्या.

प्रश्न : बेंगलोरवरून गोव्याला येऊन तिथून सावंतवाडीला घरी यायचं होतं. गाडी मोपाला बोलवली आणि विमान दाबोळीला उतरलं. चूक कोणाची? — बांदा

उत्तर : तुमची. जानेवारी २०२३ ला मोपा सुरू झाल्यापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, तिकीट काढताना वर नुसतं "गोवा" दिसतं आणि बारीक अक्षरात कोड. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. बांद्याच्या माणसाला मोपा म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडला की आलंच, आणि दाबोळी म्हणजे अख्खा उत्तर गोवा पार करून वास्कोला. ज्यांना कोड लक्षात राहत नाही त्यांना मी सांगतो, एक्स म्हणजे आपल्या बाजूची फुली.

प्रश्न : मुलगा अमेरिकेतून दिल्लीमार्गे गोव्याला येणार आहे, सगळं एकाच तिकिटावर आहे तरी तो म्हणतो दिल्लीला बॅगा घ्यायला लागतील. तुम्ही तर नेहमी लिहिता एक तिकीट असलं की बॅगा थेट जातात. मग खरं काय? — गुहागर

उत्तर : दोन्ही खरं. जाताना थेट, येताना नाही. परदेशातून भारतात येताना ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथे इमिग्रेशन आणि कस्टम, त्यामुळे बहुतेक वेळा तिथेच बेल्टवरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर यायचं आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. अमेरिकेत शिरतानाही तसंच, न्यूयॉर्कला उतरून पुढे ह्यूस्टनला जायचं असेल तरी न्यूयॉर्कलाच बॅगा घ्यायला लागतात. बॅगेवर शेवटच्या गावाचा पट्टा असला तरी. लोक पट्टा बघून बिनधास्त पुढे जातात आणि बॅग तिथेच बेल्टवर फिरत राहते.

दिल्लीचं विचारा त्याला, गोव्याचं विमान टी-३ वरूनच आहे ना. टी-२ आणि टी-३ शेजारी शेजारी आहेत, ट्रॉली ढकलत जाता येतं. टी-१ मात्र पार दुसरीकडे, बसने किंवा टॅक्सीने. तिथे मेट्रो आहे असं कोणी सांगेल, आहे, पण टी-१ ची लाइन वेगळी आणि टी-३ ची वेगळी. मी स्वतः, सत्तावीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, रिटायर झाल्यावर पुतणीच्या लग्नाला गेलो तेव्हा येताना टी-३ ला जाऊन उभा राहिलो आणि विमान टी-१ वरून होतं. तिकिटावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं, कारण मला सगळं माहीत होतं ना! टॅक्सीत बायको एक शब्द बोलली नाही. विमान मिळालं, पण ती कुडाळ येईपर्यंत बोलली नाही. डिसेंबर-जानेवारीत येत असेल तर दिल्लीचं धुकं धरून मधे चार तास तरी असू देत.

प्रश्न : मागच्या महिन्यात आमचं पहिलं विमान रद्द झालं, पुढचं चुकलं, कंपनी म्हणते आमची जबाबदारी नाही. एक बॅग पण चार दिवसांनी आली, फुटलेली. काही मिळतं का की नुसते मेल करत बसायचं? मनस्ताप झालाय नुसता. — चिपळूण

उत्तर : आधी सांगा एक तिकीट का दोन. तुम्ही लिहिलं नाहीत, आणि ज्यांची दोन असतात ते लिहीत नाहीत.

दोन असतील तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाचं काही निघेल असं मला वाटत नाही, पहिलं रद्द झालं त्याचे मात्र पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, हा तुमचा हक्क. एकच असेल तर डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचा, नियम तुमच्या बाजूने आहे, वेळेत कळवलं नाही आणि विमान रद्द केलं, किंवा त्यामुळे त्याच तिकिटावरचं पुढचं चुकलं, तर वर भरपाई पण. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधनाचा आकार, यातलं जे कमी ते. हे "जे कमी ते" मधेच सगळी मेख आहे. आणि हवामान, संप, एअर ट्रॅफिक कंट्रोल असं कारण दाखवलं की भरपाई नाही, म्हणून कंपनीला आधी लेखी विचारा की रद्द का केलं. तोंडी "टेक्निकल" म्हणतात आणि मेलवर हवामान होतं. चिपळूणच्या माणसाला हवामान काय असतं ते सांगायला नको, २०२१ ला बघितलंत, पण त्या दिवशी त्या विमानतळावरून बाकीची विमानं उडत होती का हे बघून ठेवलंत तर भांडायला बरं पडतं.

कंपनी दाद देत नसेल तर एअरसेवा नावाचं सरकारी पोर्टल आहे, तिथे तक्रार टाका, तिकीट आणि मेल जोडून. मी दोघातिघांच्या टाकून दिल्यात, वर तक्रार गेली की कंपनीकडून अचानक "प्रिय ग्राहक" सुरू होतं.

बॅगेचं मात्र तुमचं चुकलं असेल अशी भीती आहे. बॅग फुटलेली असो वा आलेलीच नसो, विमानतळातून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर जाऊन रिपोर्ट लिहून घ्यायचा, पीआयआर म्हणतात त्याला, त्याचा नंबर घ्यायचा. इंटरनॅशनल प्रवास असेल तर फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत. मागच्या महिन्यातलं आहे म्हणता, म्हणजे ७ तर गेलेच, पण २१ शिल्लक असतील तर आज रात्री जेवायच्या आधी मेल करा, उद्या नको. चार दिवसांत जे कपडे, ब्रश, औषधं विकत घेतलीत त्याची बिलं असतील तर जोडा. बिलं ठेवली नसतील तर मी काय बोलू.

प्रश्न : दुबईला टी-३ वरून टी-२ ला जायला चालत किती वेळ लागतो? — रत्नागिरी

उत्तर : चालत जाता येत नाही हो. टी-२ धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला आहे. एक तिकीट असेल तर आतून बस नेते, वेगळी तिकिटं असतील तर बाहेर पडायला दुबईचा व्हिसा लागेल, तो आहे का ते आधी बघा. रत्नागिरी एसटी स्टँड आणि रत्नागिरी रेल्वे स्टेशन हे दोन्ही रत्नागिरीच आहे ना, तसंच हे.

प्रश्न : मुंबईत ही दोन टर्मिनलं इतकी लांब बांधायची अक्कल कोणाची? — एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ला

उत्तर : गुरुजी, कोणा एकाची नाही. आधी सांताक्रूझची बाजू होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी धावपट्टीवर वाढलेली, मग परदेशी विमानं वाढली तशी सहारच्या बाजूला जागा घेतली, आणि २०१४ ला तिथेच आत्ताचं मोठं टी-२ उभं राहिलं, छतावर मोराच्या पिसाऱ्याची नक्षी असलेलं. मधल्या काळात चारी बाजूंनी वस्ती येऊन भिडली, मग जोडणार कुठून. तुम्ही तर सावंतवाडी रोडला उतरणारे. स्टेशनच्या नावात "रोड" आला की गाव तिथे नसतं, गावाला जाणारा रोड तिथे असतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. विमानतळवाले ते "रोड" लिहीत नाहीत एवढंच.

प्रश्न : आता नवी मुंबईचं विमानतळ झालं, पनवेल तर आपल्या वाटेवर. म्हणजे ही सगळी कटकट मिटली ना? — कणकवली

उत्तर : अर्धी मिटली आणि एक नवीन आली. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतायत, आणि कोकणातल्या माणसाला ते खरंच सोयीचं आहे, ट्रेनने पनवेलला उतरलात की पुढे रिक्षा-टॅक्सीचं काम, ठाणे-दादर-अंधेरी असं सामान घेऊन वणवण नाही. तुमचं विमान तिथूनच असेल आणि घरून थेट जात असाल तर मी म्हणेन तेच घ्या. पण कनेक्शनला जपून. उतरायचं नवी मुंबईला आणि पुढचं विमान सहारवरून असं तिकीट वेबसाइटवाले "मुंबई-मुंबई" म्हणून खुशाल दाखवतात, ते टर्मिनल बदलणं नाही, ते गाव बदलणं आहे, पस्तीस-चाळीस किलोमीटर, खाडीच्या अलीकडून पलीकडे. कोड बघायचा, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, बीओएम म्हणजे जुनं. बीओएम असेल तर पुढे टी-१ का टी-२ ते पण बघायचं.

आणि गाडीवाल्याला नीट सांगा. आमच्या चुलतभावाने फेब्रुवारीत गावाहून गाडी केली, "एअरपोर्टला सोड" एवढंच सांगितलं आणि मागे झोपला. डोळे उघडले तेव्हा गाडी वाशीचा पूल ओलांडून मानखुर्दला ट्रॅफिकमधे उभी होती आणि ड्रायव्हर म्हणत होता, "आबा, सहार येवक अजून अर्धो तास." विमान नवी मुंबईवरून होतं.